वासाचा रकाना

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही, आणि मानायची सक्तीही नाही. ज्याच्या नाकाला सुगंध आणि दुर्गंध सारखेच, म्हणजे दोन्ही नाहीतच, असा एक माणूस एका नगरपालिकेत वास तपासायच्या कामावर होता. एकदोन दिवस नव्हे, चांगली तीन वर्षं. गंमत अशी की त्याच्याआधी त्या खुर्चीवर बसलेल्या एकाचंही नाक त्याच्याइतकं गाजलं नव्हतं. त्याचे वासाचे अहवाल सभेत मोठ्याने वाचले जात, टंकलेखन करणाऱ्या बाई त्यांची एक जास्तीची प्रत काढून घरी नेत, आणि जिन्यात भेटणारी माणसं त्याला नाकसाहेब म्हणत. यात तसूभर खोटं असेल तर सांगणाऱ्याचं नाक गळून पडो. अजून तरी ते जागेवर आहे.

त्या दिवशी नाकसाहेब सभागृहाबाहेरच्या बाकावर बसला होता. बाक लाकडी होता. पाठ टेकली की एक खिळा बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये लागे, म्हणून जुने कर्मचारी त्यावर जरा पुढे वाकून बसत आणि नवखी माणसं एकदम ताठ होत. तो पुढे वाकून सभेची पत्रिका वाचत होता. विषय क्रमांक सात: जुन्या रोपवाटिकेमागच्या मोकळ्या जागेत पालापाचोळा, कापलेलं गवत आणि फांद्यांचा भुगा यांपासून खत करण्याच्या प्रकल्पाला कायम परवानगी देणे. दोन वर्षं हा प्रकल्प तात्पुरत्या परवानगीवर चालला होता, आणि ती दोन वर्षं दर आठवड्याला तिथे जाऊन वास तपासून येणारा निरीक्षक हाच. यात नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते पत्रिकेला मागून टाचलेलं पत्र. सगळ्या छापील कागदांत तेवढं एकच हाताने लिहिलेलं, आणि मजकूर वाचायच्या आधी त्याने अक्षर वाचलं. 'क'चं पोट नको तेवढं फुगलेलं, ओळीच्या शेवटी शब्द किंचित वर चढलेले, जणू कागद संपतोय याची त्यांना आधीच कुणकुण लागली आहे. तो पाच वर्षांचा असताना तेरा वर्षांच्या एका मुलीने त्याच्या हातावर हात ठेवून हाच 'क' गिरवून घेतला होता. त्याचा 'क' आजही तसाच फुगतो. पत्र ताईचं होतं. चार दिवसांपूर्वीच ती फोनवर बोलली होती, गुडघ्यांबद्दल, शेजारच्या मांजरीबद्दल, आणि पत्राबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

'महोदया,' तिने लिहिलं होतं, 'माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून ढिगांपर्यंत पस्तीस पावलं आहेत. मी चालून मोजली आहेत. दुपारी वारा फिरला की वास घरात येतो आणि दिवे लागेपर्यंत मुक्काम करतो. निरीक्षकांच्या अहवालात तो आजवर एकदाही सापडलेला नाही. तरी तो वास आणि ते निरीक्षक, दोघांची सभेत समोरासमोर गाठ घालून द्यावी. नमुना मी घेऊन येईन.' खाली सही. निरीक्षक आपला सख्खा भाऊ आहे, हे कुठेच नव्हतं. त्याने पत्र दुमडलं, पुन्हा उलगडलं. जे वाटलं ते भीती म्हणावी इतकं मोठं नव्हतं. शाळेत असताना दप्तर उघडल्यावर वही घरी राहिल्याचं लक्षात येई, तेवढंच.

वास गेला तो एका साध्या पडशात. पडसं आठ दिवसांनी गेलं, जाताना वास घेऊन गेलं. त्याला ते कळलं काडेपेटीमुळे. एका सकाळी त्याने गॅस पेटवायला काडी ओढली, ज्योत फुलली, विझली, आणि काडी विझल्यावर जे काही नेहमी होतं त्यातलं काहीतरी झालं नाही. त्याने दुसरी काडी ओढली. तिसरी. मग दाढीचा साबण, चामड्याचा पट्टा, कांदा, शेवटी स्वतःचा तळहात. जगाने आपला आवाज बंद करून फक्त चित्र चालू ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात येईल, असं त्याने ठरवलं. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा पुढचा आठवडा ठरवला. बायकोला सांगायचं म्हणून तो एकदा तिच्यामागे स्वयंपाकघरात गेलाही, पण तिने वळून विचारलं, "काय हवंय?" आणि त्याच्या तोंडून "चमचा" असा शब्द बाहेर पडला. चमचा घेऊन तो बाहेर आला. मग महिनाभराने दूध करपून घरभर धूर झाला आणि तो तिथेच वर्तमानपत्र वाचत बसला होता, तेव्हा ती ओरडली, "अहो, नाक कुठे ठेवून आलात?" तो म्हणाला, "ऑफिसात." ती हसली. ते ऐकून तोही हसला, आणि सांगायची वेळ निघून गेल्याचं त्याला त्या हसण्यातच कळलं. तेव्हापासून जेवताना त्याने जेवणाबद्दल बोलणं बंद केलं. बायकोने त्याचा अर्थ, वय झालं, माणूस तिरसट झाला, असा लावला आणि त्याची तिलाही सवय झाली.

खताचा प्रकल्प आला तो त्यानंतर वर्षाभराने. त्याच्याबरोबर एक छापील तक्ताही आला. जागा, वेळ, वाऱ्याची दिशा, ढिगाचं तापमान, ओल, माश्या, आणि शेवटी वासाचा रकाना: नाही, सौम्य, मध्यम, तीव्र. त्याखाली 'शेरा' म्हणून तीन रिकाम्या ओळी. आधीच्या निरीक्षकांनी गटारं आणि उकिरडे तपासताना त्या ओळी कधी भरल्या नव्हत्या, वासावर खूण करून ते मोकळे होत. पण ज्याला वास येतो तोच रिकामी जागा सोडू शकतो. त्याला त्या तीन ओळी रिकाम्या सोडायचा धीर झाला नाही. पहिल्या आठवड्यात त्याने जपून लिहिलं: 'ओल्या लाकडाचा, सहन होण्यासारखा.' दुसऱ्या आठवड्यात जरा सैल हाताने: 'उत्तर टोकाला सालीसकट चिरलेल्या काकडीचा, त्यामागे, लक्ष देऊन घेतल्यास, दप्तरातल्या जुन्या पेन्सिलीचा.' तिसऱ्या आठवड्यात वरिष्ठांनी बोलावून घेतलं. आता संपलं, असं त्याला वाटलं. वरिष्ठ म्हणाले, "अहो, मी मुद्दाम जाऊन आलो. ती पेन्सिल खरंच येते हो." त्यानंतर त्याला कोणी अडवलं नाही. बंद पडलेल्या ग्रंथालयाची कडी काढतानाचा वास, उन्हात वाळणाऱ्या दोराचा, आजाऱ्याच्या खोलीतून फुलं उचलून नेल्यावर मागे राहतो तो. सभेत कोणी सदस्य अहवाल वाचायला उठला की बाकीचे डोळे मिटून ऐकत आणि अधूनमधून एखादा हळूच नाकाने हवा आत ओढे. आणि गंमत म्हणजे हे सगळे वास त्याच्याकडे खरोखर होते. ते ढिगात नव्हते, तेवढंच. चाळीस-पन्नास वर्षं साठवलेल्या वासांतून तो दर आठवड्याला एकेक काढून नगरपालिकेच्या दप्तरी जमा करत होता, आणि एकदा लिहिलेला वास पुन्हा आठवायला गेलं की तो सापडत नसे. हे त्याला हल्ली हल्ली जाणवू लागलं होतं. दोराचा वास गेला होता. ग्रंथालयाचा गेला होता. राहिले होते थोडेच, आणि ते तो जपून वापरत होता.

तरी तो निव्वळ थापा मारत होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याने स्वतःची एक पद्धत बसवली होती. ढिगात लोखंडी सळईचा तापमापक खुपसायचा आणि काटा थांबेपर्यंत थांबायचं. साठाच्या आसपास असेल तर आत काम नीट चाललंय. मग कोपरापर्यंत हात घालून मूठभर काढायचं आणि दाबायचं: बोटांतून पाणी गळलं तर ढीग गुदमरतोय, मुठीत गोळा होऊन तो बोट लावताच फुटला तर उत्तम. ढीग उलटताना वाफ सरळ वर जाते की जमिनीलगत लोळते ते बघायचं. आणि शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, पाचोळेवाल्याचा चेहरा वाचायचा. पाचोळेवाला म्हणजे ज्याचा हा प्रकल्प तो. तीस वर्षं लोकांच्या बागांमधली पानं गोळा करत आलेला, रुंद हाडांचा, भुवयांतही पानांचे तुकडे अडकलेले असा माणूस. निरीक्षक त्याला ढिगाच्या वाऱ्याकडच्या बाजूला उभा करी आणि काहीतरी विचारी, आणि तो उत्तर देत असताना त्याच्या नाकपुड्यांकडे बघत राही. त्या कधी आक्रसल्या नाहीत. दोन वर्षांत एकदाही नाही. त्या नाकपुड्यांच्या भरवशावर त्याने एकशेचार वेळा 'नाही'वर खूण केली होती.

आता तोच पाचोळेवाला धुतलेला सदरा घालून बाकावर त्याच्या शेजारी येऊन बसला. खिळा लागला, ताठ झाला, पुढे सरकला. "साहेब, आज होऊन जाईल ना?" त्याने विचारलं. "यंत्र उधारीवर आणलंय, सहा माणसं कामाला लावलीत. त्या कोपऱ्यातल्या म्हातारीचं काय मनावर घेतात का हे लोक?"

"बघू," निरीक्षक म्हणाला.

"नाही, ती बाई वाईट नाही. परवा मला म्हणाली, काल तुमचा वास आला होता, मी झोपले होते म्हणून चिठ्ठी ठेवून गेला." पाचोळेवाला खांदे हलवत हसला. "बोलते छान. पण साहेब, खरं सांगू का, तुमच्यासमोर काय लपवायचं. मला काही कळत नाही तो वास येतो की नाही. माझी सून मला अंगणात कपडे बदलायला लावते. म्हणते, बाबा, आधी आंघोळ, मग नातवाला हात लावा. मी म्हणतो, अगं, कसला वास? तीस वर्षं झाली, आता माझ्या नाकाला पाचोळा म्हणजे हवाच की. म्हणून तर तुमचा अहवाल बघून बरं वाटतं. म्हटलं, चला, एक तरी शाबूत नाक म्हणतंय ना."

निरीक्षकाने त्याच्या नाकपुड्यांकडे बघितलं. केसाळ, रुंद, शांत नाकपुड्या. दोन वर्षं तो एका झोपलेल्या माणसाला वेळ विचारत होता. त्याला वाटलं, आता आपल्याला घाम फुटायला हवा. फुटला नाही. उलट एक विचित्र स्वच्छता आली, कपाट रिकामं करून पुसल्यासारखी, आणि तिच्यात एक एक गोष्ट आपापल्या जागी ठेवलेली दिसू लागली. ताईच्या घराला वास येत होता. पहिल्या दिवसापासून येत असला पाहिजे. तिच्या खिडक्यांच्या फटींवर लावलेल्या रुंद चिकटपट्ट्या त्याने पाहिल्या होत्या, आणि म्हातारपणचे चाळे म्हणून सोडून दिल्या होत्या. ताईचं बोलणंच तसं. लहानपणापासून तिच्या गोष्टीत साध्या मांजरीची म्हैस होई, आणि ऐकणारे खूश होऊन तिला पुन्हा सांगायला लावत, त्यामुळे ती खरं बोलायला लागली की तीच माणसं वाट बघत, म्हैस कधी येते याची. घरात तीच थापाडी आणि तो खरं बोलणारा, ही वाटणी कधीतरी ठरून गेली होती. कोणी केली होती ते आता आठवत नाही. बायको अजून म्हणते, "तुमच्या ताईंच्या निम्म्या बोलण्यावर पाणी सोडायचं, म्हणजे उरतं ते खरं." वासाच्या बाबतीत त्याने सगळ्यावरच पाणी सोडलं होतं.

परवानगी मिळाली तर ढीग तिथे राहतील, आणखी दोन ओळी वाढतील, आणि ताईला ते घर सोडावं लागेल. घर म्हणजे काय, तीन खोल्या. पण तिचा नवरा असताना दोघांनी एकेक करून बांधलेल्या, शेवटचीला तर तिने स्वतः रंग दिला होता आणि तो चुकून निळा निघाला म्हणून ती खोली अजून 'चूक' याच नावाने ओळखली जाते. 'चुकीतून जरा चष्मा आण रे.' आणि परवानगी नाकारली जायची असेल तर त्यासाठी उभं राहून एक वाक्य बोलावं लागेल: मला वास येत नाही. मग एकशेचार अहवाल रद्दीत, पाचोळेवाला आणि त्याची सहा माणसं घरी, आणि निवृत्तीला एक वर्ष सात महिने राहिलेला नाकसाहेब कुठे, ते ज्याचं त्याने ठरवावं. दोन्ही वाटा त्याने मनात शेवटपर्यंत चालून पाहिल्या. चालताना पाय कोणा दुसऱ्याचे असल्यासारखे वाटत होते.

मागच्या महिन्यातली ती दुपारही त्या पुसलेल्या कपाटात येऊन बसली. तो ताईकडे गेला होता. ती मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, म्हणाली, "बस आत, आलेच." तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. गॅसच्या शेगडीवर भांडं होतं. पाच मिनिटं झाली असतील, दहाही झाली असतील, तो भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक बघत होता. ताई दारात आली, थबकली, आणि त्या गुडघ्यांनी कशी धावली कोण जाणे, शेगडीपाशी जाऊन तिने कसलंसं बटण फिरवलं आणि खिडकीची चिकटपट्टी टरकन ओढून खिडकी सताड उघडली. मग दुसरी. मग 'चुकी'तली. मग त्याच्यासमोर येऊन बसली. "तुला काही जाणवलं नाही?" तिने विचारलं.

त्याला वाटलं, आली खतावर. तो ऑफिसातल्या आवाजात म्हणाला, "ताई, मी दर आठवड्याला जातो. वास नाही तिथे. तुझ्या मनाचे खेळ आहेत."

मग तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला, ताप बघतात तसा. "कॉफी घेतोस?" एवढंच म्हणाली, आणि पुढची पंधरा मिनिटं शेगडी पेटवली मात्र नाही, नुसती खिडकीत उभी राहिली. तेव्हा त्याने त्याचा अर्थ लावला नव्हता. आता बाकावर बसल्या बसल्या लागू लागला, पण शिपायाने दार उघडून "विषय सात" असं पुकारलं आणि त्याने तो अर्थ तिथेच बाकावर ठेवला.

सभागृहात पंखे चालू होते, टेबलांवरचे कागद कडांनी उडत होते. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. तिने त्याच्याकडे बघितलं आणि ओळख दाखवली नाही. अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला. "हा विषय आज संपवायचा आहे. तीन सभा झाल्या, आपण नुसते पाचोळ्यात लोळतोय."

"मी थोडक्यात सांगतो," दातांचा डॉक्टर उठला. तो त्या भागाचा निवडून आलेला सदस्य होता. "माझा दवाखाना त्या रस्त्यावर आहे. दुपारनंतर लोक तोंड उघडायला तयार नसतात."

"ते तुमच्या हातातलं यंत्र बघून असेल," मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोन रांगा हसल्या.

"हसा. तुम्ही यायचे आहातच माझ्याकडे."

पाचोळेवाल्याला बोलायला सांगितलं तेव्हा तो उभा राहिला आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते पाठीमागे लपवले. "झाडं काही तुमची परवानगी काढून पानं टाकत नाहीत," तो म्हणाला. "ती पडणारच. जाळाल तर धूर तुमच्याच घरात. गाडीत भरून गावाबाहेर ओताल तर तिथे कोणाचं तरी घर आहेच. मी त्याची माती करतो. अजून काय सांगू? वासाचं साहेबांना विचारा. माझं नाक घरचं आहे, त्यांचं सरकारी."

"बरोबर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "निरीक्षक, तुमचे अहवाल आम्ही सगळ्यांनी आवडीने वाचलेत. आणि या बाईंचं पत्रही वाचलंय. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. बाई, तुम्ही नमुना आणणार होतात."

ताई उठली. सावकाश पुढे आली, पिशवीत हात घातला आणि गाठ मारलेला एक पांढरा हातरुमाल अध्यक्षबाईंच्या टेबलावर ठेवला. रुमालाच्या दोन टोकांची साधी गाठ आणि उरलेली दोन टोकं तिच्याखालून उलटी काढून आत खोचलेली. अशी गाठ जगात एकच माणूस मारत असे. ते त्यांचे बाबा. रविवारी दुपारी दोघा भावंडांना समोर बसवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि अशा पुरचुंड्या एकेक करून नाकाखाली धरायचे. लवंग. साबणाचा चुरा. पेन्सिलीची सालपटं. ताईला सगळं यायचं. त्याला बहुतेक यायचं, पण 'बहुतेक' त्याला पुरत नसे, म्हणून तो पापण्यांच्या फटीतून ताईचा चेहरा बघायचा आणि हळूच बोटाने पुरचुंडी चाचपायचा. बाबांना कधी कळलं नाही. ताईला पहिल्या रविवारीच कळलं होतं, आणि तिने ते कधीही, कुणालाही सांगितलं नाही. खेळाचा नियम एकच होता. ओळखता आलं नाही तर 'नाही आला' म्हणायचं. त्याला शिक्षा नाही, हसायचं नाही, पुरचुंडी पुढे. ताई कधीकधी म्हणायची. तो एकदाही म्हणाला नव्हता. शेवटी बाबा म्हणत, "आता उघडा डोळे," आणि गाठ सोडून दाखवत.

"याचं काय करायचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"साहेबांनी डोळे मिटून वास घ्यायचा आणि काय आहे ते सांगायचं," ताई म्हणाली.

"ही परीक्षा आहे का?"

"नाही हो बाई. खेळ आहे. साहेबांना माहीत असेल." मग ती त्याच्याकडे वळली. तिचा आवाज एक पट्टी खाली आला, पण सभागृहाला ऐकू जाईल इतका राहिला. "नाही आला तर नाही आला म्हणायचं. त्याला शिक्षा नाही."

त्याने पुरचुंडी उचलली. ताईने दार उघडून धरलं होतं, हे त्याला कळलं. नुसतं बाहेर पाऊल टाकायचं होतं. 'नाही आला.' दोन शब्द, आणि ते त्याच्या तोंडात तयारही झाले, जिभेला त्यांचा आकार जाणवला. पण एवढ्यात त्याची बोटं आपल्या सवयीने कामाला लागली होती. कापडाखाली बारीक, सुटं, भुसभुशीत. दाबलं की एकत्र येतं, सोडलं की पसरतं. ओल अगदी बेताची. चाळलेलं पक्कं खत, चौथ्या महिन्यातलं. हजार वेळा हाताखालून गेलेलं. त्याने डोळे मिटण्याआधी समोरच्या रांगेवरून एक नजर फिरवली, तीही सवयीनेच. अध्यक्षबाईंच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. दातांच्या डॉक्टरच्या ओठांवर चक्क हसू होतं. पाचोळेवाला भुवया वर करून पुरचुंडीकडे बघत होता, आपलीच वस्तू भलत्या जागी दिसल्यासारखा. चेहरे प्रसन्न, म्हणजे वास बरा. वास बरा, म्हणजे पक्कं खत. सगळं जुळत होतं. इतकं नीट यापूर्वी कधीच जुळलं नव्हतं. त्याला क्षणभर ताईची कीव आली. बिचारीने घाईत चुकीच्या ढिगातलं उचललं असणार.

त्याने पुरचुंडी नाकाशी नेली आणि डोळे मिटले. पूर्ण मिटले, फट न ठेवता, आयुष्यात पहिल्यांदा. आत नेहमीचीच पांढरी, सपाट शांतता होती. तिच्यात तो थोडा वेळ चालला. मग जपून ठेवलेल्या शेवटच्या काही वासांतला सर्वांत चांगला त्याने बाहेर काढला.

"माती," तो म्हणाला. "पण ओली नाही. सावलीतली. मोठ्या झाडाखाली बसून उठल्यावर कपड्यांना जी लागते, ती." पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. "तिच्याखाली वाळलेली पानं, पण पानपण संपत आलेली. मुळांचा एक पुसट गोडवा. आणि अगदी तळाशी," तो थांबला, कारण हे बाबांच्या सदऱ्याचं होतं, बाग खणून आल्यावर ते त्याला उचलून घेत तेव्हाचं, आणि एकदा दप्तरी जमा केलं की ते परत मिळणार नव्हतं, "अगदी तळाशी, दिवसभर काम करून घरी आलेल्या माणसाच्या खांद्याचा वास. यात कुजकं काही नाही. हे चाळून, मुरवून तयार झालेलं खत आहे, अध्यक्षबाई. याला दुर्गंधी म्हणता येणार नाही."

कोणीतरी खाकरलं. कोणीतरी हसू दाबल्यासारखा आवाज केला आणि तो लगेच थांबला. बाकावर कोणीतरी सरकलं. तो डोळे मिटूनच उभा राहिला, टाळ्या नाहीत तरी निदान कागद उलटल्याचा आवाज येईल याची वाट बघत, हातातल्या पुरचुंडीचं वजन तोलत. आता डोळे उघडावेत असं त्याला वाटेना. मग ताईचा आवाज आला. चढलेला नव्हता, म्हैस यायची होती तसाही नव्हता. स्वयंपाकघरात बसून एखादी साधी गोष्ट सांगावी तसा.

"कॉफी आहे रे ती," ताई म्हणाली. "आता उघड डोळे."